दांडीची सायकल

केडगाव, ५ जुलै १९७०

ति. बाबांना लिडियाचा सलाम.

तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे मला माहीत आहे. पण पत्र वाचायला बोलावं लागत नाही, म्हणून लिहिते. भांडायला लिहीत नाही. मला सायकल घ्यायची आहे आणि सायकलीतलं तुमच्याइतकं कळणारा दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. येशूच्या शुभवर्तमानाची पुस्तकं मागे बांधून तुम्ही तीस वर्षं पारनेर तालुका पालथा घातलात. आता पेन्शनीत बसला आहात, तर तेवढा सल्ला द्यायला काय हरकत आहे?

सायकल का, ते सांगते. माझी शाळा चासच्या अलीकडे, पुणे रस्ता सोडून आत एका वाडीत आहे. सकाळची पहिली गाडी मला इतक्या लवकर सोडते की शाळेच्या पायरीवर बसून बसून वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांशी माझी ओळख झाली. दुसऱ्या गाडीनं जावं तर घंटा होऊन गेलेली असते. आप्पासाहेब गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, आधी घड्याळाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. तोंडानं काही म्हणत नाहीत. न बोलणाऱ्या माणसांचीच माझ्या नशिबात भरती आहे. वाडीत खोली घ्यावी तर झुंबर आत्याला एकटं कसं टाकू? तुमची सख्खी बहीण, गुडघे गेलेले आणि जीभ मात्र शाबूत. तिच्याजवळ मीच टिकते.

तेव्हा रोज वह्यांचा गठ्ठा घेऊन जाता-येता यायला हवं, अशी एक सायकल. आणि दुसरं काम तिच्याकडून मी करून घेणार आहे ते असं, की येत्या नाताळला मी तिच्यावर बसून पारनेरला येणार. बसनं येऊन दारातून परत जाणं सोपं असतं. गेल्या नाताळला मी तेच केलं. तुम्ही खुर्चीवरून उठून मागच्या दारानं गेलात आणि मी पुढच्या. इतक्या लांबून पायडल मारत आलेल्या माणसाला कोणी तसं घालवत नाही, असा माझा अंदाज आहे. तुमच्या ताटाला ताट लावून जेवायचं आणि तुम्ही माझ्याशी बोलायचं, एवढंच मला हवंय.

मी कृपादानकाकांच्या मुलाशी लग्नाला नाही म्हटलं ते अजूनही नाहीच आहे. नोकरी सोडून घरी बसायची अट मला मान्य नव्हती. तुम्ही जिवलग मित्राला शब्द दिला होता आणि तो माझ्यामुळे पडला, हे मला कळतं. तुम्ही म्हणालात, "आता तुज्याशी न्हाई बोलनार मी," आणि इसहाक पाटोळे एकदा म्हणाले की म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुमचा सुंभ तर अजून जळालेलाही नाही.

उत्तराची वाट बघते, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.

तुमची लिडिया


केडगाव, २ ऑगस्ट १९७०

ति. बाबा, सलाम.

तुमचं कार्ड मिळालं. म्हणजे मला नाही, झुंबर आत्याला मिळालं. आत्याला अक्षर ओळखता येत नाही हे तुम्हाला जन्मापासून माहीत आहे, त्यामुळे ते तिला वाचून कोण दाखवणार याचाही तुम्ही विचार केलाच असेल. मी उंबऱ्यात बसून मोठ्यानं वाचलं. "एका मुलीने सायकल घेण्याचे मनात आणल्याचे समजते. मुलींनी या भानगडीत पडू नये. पडायचेच असेल तर लेडीज घ्यावी. बावीस इंची फ्रेम, त्याहून मोठी नको, पाय पोहोचत नाहीत. यातले काही लिडियाला सांगू नये."

आत्यानं कपाळाला हात लावला. "तिला सांगायचं न्हाई तर मला सांगून काय उपेग? मला काय सायकलीवर बसायचंय व्हय?" मग म्हणाली, "वाच म्होरं." पुढे काही नव्हतं. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही, म्हणून मी ते तिला पुन्हा वाचून दाखवलं.

तर बाबा, लिडियाला काही न सांगता तिला जे कळलं त्याप्रमाणे ती कामाला लागली आहे. इथे रस्त्यावर गोरक्ष मिस्त्रीचं सायकलचं दुकान आहे. तो तासावर सायकली भाड्यानं देतो, आणि कोणाला विकायची असली तर तीही दुकानात आणून ठेवतो. मी ठरवलं की उपासना आटोपली की दर रविवारी एक वेगळी सायकल भाड्यानं घ्यायची आणि चालवून बघायची. नवरा मुलगा असा बघता आला असता तर आपल्या घरात काही वादच झाला नसता.

पहिल्या रविवारी मिस्त्रीनं लेडीज दिली. त्याच्याकडे ती एकच आहे आणि ती इतकी कुरकुरते की केडगावातली सगळी माणसं ओट्यावर येऊन बसली. लहानपणी तुमच्या सायकलीवर मी दांडीखालून पाय घालून अर्धी अर्धी पायडलं मारत शिकले, ते सगळं अंगात होतं. चार हात गेल्यावर तोल सापडला. मग मला इतका आनंद झाला की मी वळायचं विसरले आणि जकात नाक्यापर्यंत जाऊन आले. मिस्त्रीला वाटलं सायकल पळवली. तो फडकं हातात घेऊन रस्त्यात उभा होता. "बाई, एक तासाचं म्हनला हुता. म्या पोलिसात निगालो हुतो."

दुसऱ्या रविवारची चोवीस इंची निघाली, ओट्यावरून कशीबशी चढले. तुमचं म्हणणं खरं, पाय पोहोचत नाहीत. उतरताना मी उतरले नाही, पडले. पण हे तुम्ही वाचलेलं नाही, कारण तुम्ही माझी पत्रं वाचत नाही.

लिडिया


केडगाव, १३ सप्टेंबर १९७०

ति. बाबा,

सलाम. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, सायकलीच्या खरेदीला किती ते अजून मोजते आहे.

नगरला जाऊन नवी लेडीज बघितली. हिरवी, जाळीची, पुढे टोपली. किंमत ऐकली आणि दुकानदाराचे आभार मानून बाहेर आले. जुनी लेडीज मिळावी तर एका डॉक्टरीणबाईंची विकायला होती, ती मी बातमी ऐकून पोचेपर्यंत गेली. बायकांच्या सायकली मुळात कमी, आणि ज्यांच्याकडे आहेत त्या त्यांना सोडत नाहीत. शहाण्या आहेत.

मग मिस्त्रीनं एका दूधवाल्याची आणली. स्वस्त, मजबूत, मागं भलंथोरलं कॅरियर. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. त्याच दिवशी आत्याला कार्ड आलं. "दूधवाल्याची सायकल फुकट मिळाली तरी घेऊ नये. कॅनच्या ओझ्याने फ्रेम वाकलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. कोणतीही जुनी सायकल घेण्याआधी रस्त्यावर घागरभर पाणी ओतावे. त्यातून सरळ चालवावी. पुढच्या चाकाच्या ओल्या मागावर मागच्या चाकाचा माग पडला तर घ्यावी. दोन माग दिसले तर हात जोडावेत."

मी तर पत्रात दूधवाल्याचं नाव काढलं नव्हतं! आत्या म्हणाली, "त्याला काय सांगावं लागतंय? जुन्यात स्वस्त आन् दनकट म्हनल्यावर दूधवाल्याचीच आसनार." मी घागर घेऊन निघाले. मिस्त्रीला ते आवडलं नाही. "बाई, मी आठ वर्सं धंद्यात हाय, कुनी माज्या दारात पानी वतलं न्हाई." मी ओतलं. ओट्यावरून चढून सायकल त्यातून नेली आणि उतरून मागे वळून बघितलं. एक माग पुण्याकडे निघाला होता आणि दुसरा नगरकडे. मिस्त्री बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "ही आयडिया कुनाची?" मी म्हटलं, आमच्या आत्याची.

सायकल परत केली. बाबा, तुमच्या कार्डामुळे मी वाचले, हे मी झुंबर आत्याच्या वतीनं तुम्हाला कळवते.

तिला आता कार्डं ऐकायची गोडी लागली आहे. पोस्टमन दिसला की लुगड्याचा पदर सावरून बसते.

लिडिया


केडगाव, ११ ऑक्टोबर १९७०

ति. बाबा,

सलाम आणि एक बातमी. सायकल घेतली! काल दसऱ्याला घरी आणली.

नगरच्या एका निवृत्त तारमास्तरांची आहे. वापर फक्त घर ते ऑफिस, ओझं कधी जेवणाच्या डब्यापलीकडे नाही. काळी, बावीस इंची, रिमा चकचकीत, डायनॅमो आहे, सीट जुन्या कातड्याची आणि बसून बसून मऊ झालेली. घागर ओतून बघितली. मास्तरांच्या बायकोला वाटलं मी सडा घालते आहे, ती रांगोळी घेऊन आली. माग एकावर एक पडला, जणू एकच चाक गेलं. मी तिथेच नाचायची बाकी होते. माझ्या शिलकीत बसली, कोणाकडे हात पसरावा लागला नाही, एवढं पुरे.

एक कळवायचं नाही असं ठरवलं होतं, पण कळवते. कारण तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळलं तर वाईट दिसेल. तेलपाण्यासाठी सायकल गोरक्ष मिस्त्रीच्या दुकानावर नेली, तर तिथे खंडेनवमीपासून पाने, हातोड्या, पंप सगळं पुजून मांडलेलं. त्यानं माझं काही ऐकलं नाही. हँडलला झेंडूचा हार घातला, घंटेला हळदकुंकू लावलं, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. मी म्हटलं, मिस्त्री, आमच्यात हे नाही. तो म्हणाला, "तुमच्यात नसंल, सायकलीत हाय." एका प्रचारकाची मुलगी झेंडूचा हार घातलेल्या सायकलीवर बसून भर केडगावातून घरी आली. देवीच्या नवरात्राची गर्दी अजून ओसरली नव्हती, त्यामुळे पुष्कळांनी बघितलं.

आज पहिल्यांदा चासपर्यंत जाऊन आले. ऊन होतं आणि ढगही होते, म्हणून छत्री दांडीला बांधून नेली. वाऱ्यानं घाम वाळत होता आणि मी एकटीच गाणी म्हणत होते. बाबा, तुम्ही तीस वर्षं हे सुख एकट्यानं भोगलंत आणि घरी येऊन मात्र दमल्याचं सोंग केलंत. आज मला सगळं कळलं.

लिडिया


केडगाव, १५ नोव्हेंबर १९७०

ति. बाबा,

तुमच्या लागोपाठ आलेल्या दोन कार्डांनी मला एकदा हसवलं आणि एकदा घाम फोडला.

पहिलं झेंडूबद्दलचं. मी देव, धर्म, मूर्ती, असं काही ऐकायची तयारी ठेवून वाचायला घेतलं. तुम्ही लिहिलंत, "हार दोन दिवसांच्या वर ठेवू नये. फुलांच्या ओलीने हँडलवर गंज चढतो." आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसरं कार्ड एका ओळीचं. "लेडीज सायकलीला छत्री बांधायला आडवी दांडी कोठून आली, याचा झुंबरने शोध घ्यावा."

आत्यानं माझ्याकडे बघितलं. मी आढ्याकडे.

बरं. कबूल. तारमास्तर पुरुष होते आणि त्यांची सायकल पुरुषी आहे. दांडीची. तुम्ही लेडीज घे म्हणून लिहिलंत आणि मी दांडीची घेतली, म्हणून मी त्या ओळी गाळल्या. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, मागची पत्रं काढून बघा.

आता तुम्ही विचाराल की साडी नेसून दांडीवरून टांग कशी टाकते. मलाही तोच प्रश्न पडला होता, दर वेळी चढायला ओटा कुठून आणणार? सायकल मनात भरली होती आणि मी घरी येऊन रडकुंडीला आले होते. आत्या तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्या पाच वारी गुंडाळीत काय हुनार हाय? माजं लुगडं नेस की. कासोटा घाल. मी कासोटा घालून चिंचेवर चढलीया, घोड्यावर बसलीया, आन् तुला एक दांडी वलांडवंना?" तिनं पेटीतलं हिरवं नऊवारी काढलं आणि मला उभं करून नेसवलं. बाबा, काय सांगू! दोन्ही पाय मोकळे. टांग टाकली की काम झालं. लेडीज सायकल काढणाऱ्यांनी आमच्या आत्याला आधी विचारायला हवं होतं, लोखंड वाकवायचे त्यांचे कष्ट वाचले असते.

गावात जरा गंमत झाली. नगरच्या पोरी वळून वळून हसतात. आप्पासाहेब गुरुजींनी पहिल्या दिवशी घड्याळ बघितलं, मी वेळेच्या आधी होते, त्यामुळे त्यांना बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं. "पाटोळेबाई, तुम्ही शिकलेल्या, आणि हे लुगडं?" मी म्हटलं, गुरुजी, साडी नेसून उशिरा येऊ का? तेव्हापासून घड्याळ आणि मी दोघंही सुखी आहोत. वाडीतल्या बायका मात्र हसल्या नाहीत. इतके दिवस त्या मला लांबूनच बघायच्या. आता वाटेत थांबवून काठ हातात घेतात, कुठल्या पेठेतलं विचारतात. लंकाबाई म्हणून एक आहे, तिची मुलगी दुसरीतून काढून घरी बसवली होती. ती परवा मुलीला घेऊन स्वतः आली. "बाई आमच्यातल्याच हायेत," म्हणाली. मी वर्षभर सांगून जे झालं नाही ते आत्याच्या लुगड्यानं केलं.

तुम्ही रागावला असाल तर आत्याला कळवा. काय वाटेल ते लिहा, पण कळवा.

लिडिया


केडगाव, २० डिसेंबर १९७०

ति. बाबा,

महिना झाला, कार्ड नाही. आत्या रोज पोस्टमनला विचारते आणि मग माझ्यावर चिडते. "त्याला सांगायचीच काय गरज हुती दांडीचं?" असं म्हणते. तुम्हाला आपोआप कळलं, मी काय करू?

आधी वाटलं बरं नसेल. पण पारनेरच्या बाजारातून आलेला एक जण म्हणाला की इसहाक पाटोळे धडधाकट आहेत, चर्चच्या भिंतीला चुना देत होते. म्हणजे रागच आहे.

खरं सांगते, बाबा. त्या कार्डांची मला सवय झाली होती. तुम्ही बोलत नव्हता, पण तुम्हाला माझ्या पुढच्या चाकाची काळजी होती, मागच्या चाकाची काळजी होती, आणि मधल्या माणसाची असल्याशिवाय कोणी चाकांची करत नाही, असं मी मनाशी धरून बसले होते. ते आता सुटल्यासारखं वाटतंय. मला भीती वाटते. पारनेरला येईन, तुम्ही पुन्हा खुर्चीवरून उठाल, आणि या वेळेला मला परत जायलाही पायडलच मारावं लागेल.

तरी येणार आहे. गुरुवारी सकाळी निघेन. कामरगावचा घाट हातात धरून चढवीन, सुप्याला चहा घेईन, आणि तिथून पारनेरच्या रस्त्याला लागेन. आत्यानं करंज्या केल्या आहेत. तिला बसनं यायला सांगितलं तर म्हणाली, "तुमी दोघं आधी बोला, मंग मी यीन. मधी बसून मुक्यांची पंगत बघायला मला येळ न्हाई."

हिरवं लुगडंच नेसून येणार. लपवायचं काही उरलेलं नाही.

लिडिया


केडगाव, २८ डिसेंबर १९७०

ति. बाबा,

काल संध्याकाळी मी परतले आणि आज तुमचं कार्ड आलं. पत्ता सवयीनं आत्याचाच. आत काय, तर "मुलगी गुरुवारी सुखरूप पोहोचली. वाटेत विशेष काही घडले नाही. महिनाभर चर्चच्या चुन्यामुळे लिहिणे झाले नाही."

विशेष काही घडले नाही? आत्याला हे असलं वाचून दाखवायचं? मी तुमचं कार्ड बाजूला ठेवलं आणि तिला सगळं खरं सांगितलं. तेच तुम्हालाही लिहून पाठवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर आपल्या दोघांची हकिकत एक राहील.

सुप्याला मी पोचले तेव्हा लिंबाखाली एक म्हातारा माणूस जुन्या सायकलीला टेकून उभा होता. मी आधी सायकल ओळखली, मग तुम्हाला. पारनेरहून तुम्ही तिथवर आला होता. मी उतरले, सलाम केला. तुम्ही मान हलवलीत आणि सायकलीभोवती फेरी मारलीत. टायर दाबून बघितलं, पायडल उलटं फिरवलं, सीट हलवली. माझा कासोटा बघितलात, मग दांडी, मग परत कासोटा. मिशी हलली. तोंड नाही. मी म्हटलं, बाबा, चहा घेऊ. तुम्ही चहा घेतलात, माझाही सांगितलात, पण सांगितलात चहावाल्याला. मग टांग टाकलीत आणि निघालात. मी मागून.

सगळी वाट तुमची पाठ बघत आले. मी दोनदा काहीतरी बोलले. उत्तर आलं नाही. वाऱ्यात ऐकू गेलं नसेल असं मी स्वतःला सांगितलं. वारा नव्हता.

मग तो उतार आला. तुम्ही रस्त्याच्या कडेला थांबलात, मला पुढे जाऊ दिलंत. का ते मला कळलं नाही, आता कळतं. मागून नीट दिसतं. मी निघाले, सायकल सुटली, आणि खाली वळणावर कडब्याची गाडी आडवी. मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. मागचं चाक उचलल्यासारखं झालं. आणि मागून असा आवाज आला की गाडीचे बैलसुद्धा थांबले.

"लिडे! फुडचा सोड! फुडचा सोड गं, मागचा दाब! अगं ए पोरी!"

दीड वर्षानंतर तुमच्या तोंडून माझं नाव आलं. बाबा, मी इतकी हरखले की पुढचाही सोडला आणि मागचाही. हसत हसत गाडीच्या बाजूनं गेले आणि थेट हरभऱ्याच्या रानात शिरले. सायकल एकीकडे, मी एकीकडे, करंज्या सगळीकडे.

तुम्ही तुमची सायकल रस्त्यात टाकून धावत आलात. तिला स्टँडवर लावल्याशिवाय तुम्ही कधी पाणीसुद्धा प्यायला नाहीत. माझं डोकं मांडीवर घेतलंत. "कुटं लागलं? लिडे, कुटं लागलं गं? बोल की!" धापा टाकत होता. "बोल की माज्याशी!"

मला काहीसुद्धा लागलं नव्हतं. पण ते वाक्य तुम्ही आणखी दोनदा म्हणेपर्यंत मी डोळे मिटून पडून राहिले. तुम्हाला खरंच वाईट वाटत असेल तर वाटू दे, असंही मनात आलं. मग मला हसू आवरेना आणि तुम्हाला कळलं. एक धपाटा घातलात. गाडीवाला म्हणाला, "पोरगी पडली आन् म्हातारा मारतोय, हे काय हो?"

तिथून पुढे पारनेर येईपर्यंत तुम्ही गप्प झाला नाहीत. कुठल्या वस्तीवर कुत्रं चावलं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठे पुस्तक न घेता लोकांनी भाकरी दिली, कुठे भाकरी न देता पुस्तक घेतलं, सगळं. ब्रेकवर तर एक आख्खा उपदेश झाला. मी एक अक्षर बोलले नाही. बोलायला जागाच नव्हती. रात्री आपण एका ताटात जेवलो, कारण दुसरं ताट कुठे ठेवलंय ते तुम्हाला सापडेना. उरलेल्या करंज्यांना हरभऱ्याचा पाला लागला होता, तरी तुम्ही खाल्ल्यात.

आणि नाताळच्या सकाळचं चर्च. ते तर तुमच्या कार्डात नावालाही नाही. उपासना सुटली आणि अंगणात कृपादानकाका समोरूनच आले. तुम्ही माझ्या शेजारी होता. ज्यांना शब्द दिला ते समोर, आणि जिच्यामुळे तो पडला ती शेजारी. काकांनी मला बघितलं, लुगडं बघितलं, भिंतीला लावलेली सायकल बघितली. "हिच्यावर आली? केडगावहून?" म्हणाले आणि मोठ्यानं हसले. "इसाक, बरं झालं आमच्याकडं दिली न्हाईस. आमचं पोरगं सायकलच्या मागं पळून पळून वाळलं आसतं. त्याचं लगीन हून वर्स झालं, नातवाचं बारसं हाय फुडल्या म्हैन्यात. आन् तू अजून आबोला धरून हुतास म्हनं?"

तुम्ही खाली बघत होता. "मी शब्द दिला हुता तुला."

"दिला हुतास. तवाच मी म्हनलो हुतो, आदी पोरीला इचार."

सगळं अंगण ऐकत होतं. लोक करंज्या, चिवडा हातात घेऊन उभे होते. मला वाटलं तुम्ही आता मागच्या दारानं जाल. अंगणाला मागचं दार नव्हतं. तुम्ही मान वर केलीत आणि म्हणालात, "न्हाई इचारलं. चुकलं माजं." कृपादानकाकांशी बोलत होता, पण बघत माझ्याकडे होता.

बाबा, दीड वर्षात मी रडले नव्हते. शाळेत नाही, आत्यापुढे नाही, गेल्या नाताळला तुमच्या दारातून परतताना बसमध्येही नाही. तिथे सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही. तुम्हीही रडलात. ते मी आत्याला सांगितलं नाही, एवढं एक तुमच्यासाठी गाळलं.

येत्या रविवारी आत्याला बसमध्ये बसवून देते आणि मी सायकलवर येते. तुम्ही सुप्यापर्यंत घ्यायला यायची काही गरज नाही, या वयात इतकं दामटू नये. आलात तर मात्र मागं राहा. पुढं मी असेन.

लिडिया